खाडीची नोंदवही : गावाने आपल्या नैसर्गिक संपत्तीवर स्वतः लक्ष कसे ठेवावे

कोकणातल्या कुठल्याही खाडीकाठच्या वाडीत विचारले, तर पूर्वीइतक्या तिसऱ्या (चिखलात मिळणारे, खाण्याचे शिंपले) आता मिळत नाहीत असे एकमुखाने सांगितले जाते. किती घटल्या, कुठल्या पट्ट्यात घटल्या आणि कधीपासून, असे विचारल्यावर मात्र उत्तरे वेगवेगळी येऊ लागतात. कोणी वाळू उपशाला दोष देतो, कोणी वरच्या अंगाने येणाऱ्या सांडपाण्याला, कोणी पलीकडच्या वाडीतल्या माणसांना. आणि ग्रामसभेत विषय निघाला तरी ठराव होत नाही, कारण ठरावाला आधार म्हणून पुढे ठेवावे असे कागदावर काहीच नसते. ही उणीव गावाला स्वतः भरून काढता येते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या रीतीने मोजण्याची आणि ते लिहून ठेवण्याची शिस्त मात्र लागते. या कामाला नव्याने हात घालणारे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, बचत गटातल्या स्त्रिया आणि तरुण कार्यकर्ते यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. उदाहरण म्हणून मुख्यतः तिसऱ्यांचा पट्टा घेतला आहे. रीत समजली की ती विहिरीला, कांदळवनाला (खारफुटीच्या जंगलाला) किंवा देवराईलाही लावता येते.

आधी निर्णय ठरवा, मोजणी नंतर

नवखी माणसे बहुतेक वेळा काय काय मोजता येईल याची लांबलचक यादी करून सुरुवात करतात. पक्षी, मासे, झाडे, पाण्याचा खारेपणा असे सगळे त्या यादीत येते, आणि पुढे ती यादी कोणाच्याच हातून निभत नाही. माझ्या मते पहिली बैठक एकाच प्रश्नावर घ्यावी: आकडा खाली गेला, तर आपण काय करणार आहोत? या प्रश्नाला गावाजवळ उत्तर असेल तीच गोष्ट मोजावी. तिसऱ्या घटल्या तर खाडीचा एखादा पट्टा काही महिने बंद ठेवणे, अगदी लहान तिसऱ्या जागच्या जागी परत सोडणे, किंवा एका ओहोटीत एका व्यक्तीने किती पाट्या काढाव्यात याची मर्यादा ठरवणे हे निर्णय गावाला आपसांत घेता येतात. समुद्रात दूरवर होणाऱ्या मासेमारीबद्दल असा निर्णय गावाच्या हातात नसतो. एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली, पण ती बंदी मोडणाऱ्यावर कारवाई मत्स्यव्यवसाय विभागासारख्या सरकारी यंत्रणाच करू शकतात. तिथे गावाची नोंद म्हणजे तारीख, वेळ, जागा, नौकेचा क्रमांक आणि छायाचित्र. दोन्ही नोंदी उपयोगाच्या आहेत, पण त्यांचे हेतू वेगळे असल्याने त्या एकाच वहीत मिसळू नयेत.

निर्णयावर एवढा भर देण्याला आधार आहे. संशोधक फिन डॅनियलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जगभरातल्या, निसर्गावर लक्ष ठेवणाऱ्या १०४ देखरेख योजनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या योजना केवळ शास्त्रज्ञ चालवत होते, त्यांच्यातून निघालेली माहिती प्रत्यक्ष निर्णयापर्यंत पोचायला ३ ते ९ वर्षे लागत होती. जिथे स्थानिक माणसे स्वतः मोजत होती आणि त्याचा अर्थही स्वतःच लावत होती, तिथे गावपातळीवरचे निर्णय वर्षभराच्या आत होत होते. मोठ्या प्रदेशाचे किंवा देशाचे धोरण ठरवायला शास्त्रज्ञांचीच मोजणी लागते, हेही त्याच अभ्यासात दिसते. म्हणून गावाने आपल्या आवाक्यातला निर्णय समोर ठेवून मोजावे आणि विद्यापीठाशी स्पर्धा करू नये.

मोजणारी माणसे

खाडीत उतरून तिसऱ्या आणि कालवे (खडकाला चिकटून वाढणारे शिंपले) काढण्याचे काम बहुतांशी स्त्रिया करतात, आणि खाडीविषयीच्या बैठका मात्र बहुतांशी पुरुषांच्या होतात. ही विसंगती पहिल्याच दिवशी दूर करायला हवी. ज्यांचे पाय रोज त्या चिखलात असतात त्यांनाच पट्टा कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि कुठल्या महिन्यात बारीक पिल्ले दिसू लागतात हे ठाऊक असते; त्यांना वगळून केलेली मोजणी चुकते, आणि त्यांना न विचारता त्यावरून केलेला नियम पाळलाही जात नाही. प्रत्येक वाडीतून निदान दोघी निवडाव्यात, कारण एकीच्या घरी लग्नकार्य किंवा आजारपण निघाले की महिन्याची नोंद चुकते. दुसऱ्या काठावरचे गाव त्याच पट्ट्यावर येत असेल, तर त्या गावातल्या काहींना सुरुवातीपासूनच सोबत घ्यावे. शिकलेल्या मुलामुलींकडे लिहिण्याचे आणि बेरजेचे काम जरूर द्यावे, परंतु ती पुढे मुंबई-पुण्याला जाणार हे धरूनच चालावे आणि सगळे काम त्यांच्यावर टाकू नये.

मोजणीच्या दिवशी जो वेळ जातो तो त्या बाईच्या कमाईतून जातो. त्यामुळे मोजणी शक्यतो रोजच्या कामाला जोडून ठेवावी, आणि ज्या दिवशी ते जमणार नाही त्या दिवसाची मजुरी कुठून द्यायची हे आधीच ठरवावे. गावाचे काम म्हणून फुकट करा, असे गरिबातल्या गरीब घराला सांगणे मला योग्य वाटत नाही.

कायद्याचे पाठबळही पाहून ठेवावे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे अपेक्षित आहे आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. अनेक गावांत ही समिती केवळ कागदावर आहे आणि नोंदवही एकदा तयार होऊन कपाटात गेली आहे. ती नोंदवही मागून घ्यावी, खाडीविषयी तिच्यात काय लिहिले आहे ते वाचावे, आणि आपल्या मोजणीच्या गटाला ग्रामसभेच्या ठरावाने समितीशी जोडून घ्यावे. पुढे एखाद्या कार्यालयात कागद सादर करायची वेळ आली, की या ठरावामुळे नोंदीला वजन येते.

दिवस आणि वेळ

मोजणीचा दिवस इंग्रजी तारखेने ठरवू नये, तिथीने ठरवावा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते आणि ओहोटी खोल जाते. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा तेच पाणी फारसे मागे सरत नाही. एका महिन्यात उधाणाच्या ओहोटीला मोजले आणि दुसऱ्या महिन्यात भांगाच्या, तर दोन महिन्यांत आपण दोन वेगळे पट्टे मोजलेले असतात. किनाऱ्यावर चालत आलेला हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वा अकराच्या सुमारास, द्वितीयेला दीडच्या सुमारास. भरतीच्या साधारण सव्वासहा तास आधी किंवा नंतर ओहोटी असते. या हिशेबाने वद्य द्वितीयेची ओहोटी सकाळी सात-साडेसातला येते, पाणी चांगले आटलेले असते आणि उजेडही पुरेसा असतो. म्हणून दर महिन्याची वद्य द्वितीया हा दिवस मला सोयीचा वाटतो. खाडीच्या आत जावे तसा वेळेत फरक पडतो, तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत प्रत्यक्ष वेळ पाहून आपल्या जागेचा फरक लिहून ठेवावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांशीही तो पडताळता येतो.

पावसाळ्यात खाडीला पूर असताना मोजणी करू नये. त्या महिन्यांपुढे ‘मोजले नाही, पूर’ असे लिहावे. त्याऐवजी मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, एक मोजणी चुकवू नये आणि पाणी निवळल्यावर ऑक्टोबरमध्ये दुसरी चुकवू नये. मोठ्या पुरात खाडीचे पाणी फार गोडे झाले की तिसऱ्या मोठ्या प्रमाणात मरू शकतात, आणि हे नुकसान पावसाने झाले की माणसाने, हे ओळखायला या दोन मोजण्या पावसाळ्याच्या दोन्ही बाजूंना अगदी लगत असणे आवश्यक आहे.

पट्टा मोजण्याची रीत

साहित्य थोडेच लागते. अर्धा मीटर बाजूची चौकोनी चौकट, जी प्लास्टिकच्या पाइपची किंवा बांबूची घरी करता येते. एक पट्टी, तराजू, बादली, आणि पेन्सिल. शाईचा पेन ओल्या हातात टिकत नाही. काठावर न हलणारी एखादी खूण निवडावी, म्हणजे मोठा खडक, बांधाचे टोक किंवा धक्क्याची पायरी. त्या खुणेपासून पाण्याच्या दिशेने सरळ चालत जावे आणि दर दहा पावलांवर, पाय जिथे पडेल तिथेच, चौकट ठेवावी. इथे मोह होतो तो चौकट तिसऱ्यांची भोके दिसतील तिथे सरकवण्याचा. तसे केले की आकडा फुगतो आणि पुढच्या वर्षी खरी घट झाली तरी दिसत नाही. चौकटीच्या आतला चिखल वीतभर खोल चाळून जितक्या तिसऱ्या निघतील तितक्या मोजाव्यात आणि तिथेच परत ठेवाव्यात.

अशा चार चौकटी म्हणजे एक चौरस मीटर. समजा, एका रांगेत दहा चौकटी ठेवल्या आणि सगळ्या मिळून ८५ तिसऱ्या निघाल्या, तर क्षेत्र अडीच चौरस मीटर झाले आणि चौरस मीटरमागे ३४ हा आकडा आला. एका पट्ट्यावर अशा निदान तीन रांगा घ्याव्यात. ज्या चौकटीत काही निघाले नाही तिथे शून्य लिहावे. रकाना कोरा सोडू नये. कोरा रकाना पाहून चौकट ठेवलीच नव्हती की ठेवून काही सापडले नाही हे वर्षभराने कोणालाच सांगता येत नाही, आणि घटत्या पट्ट्यात शून्याची नोंद हीच सर्वांत मोलाची असते.

त्यानंतर आकार. सापडलेल्यांतल्या पहिल्या पन्नास तिसऱ्या, न निवडता, पट्टीवर ठेवून त्यांची सर्वांत लांब बाजू मिलिमीटरमध्ये लिहावी. संख्या टिकून आहे पण मोठ्या तिसऱ्या दिसेनाशा झाल्या, असे अनेकदा प्रथम घडते. केवळ संख्या मोजणाऱ्या गावाला ही सूचना मिळतच नाही. ज्या महिन्यात अगदी बारीक पिल्ले जास्त दिसतात त्या महिन्यापुढे ठळक खूण करावी, कारण पट्टा कधी बंद ठेवायचा याचे उत्तर बरेचसे तिथूनच मिळते. केरळातल्या अष्टमुडी तलावात तिसऱ्यांच्या मासेमारीला डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी असते आणि जाळ्याच्या आसाची (छिद्राच्या आकाराची) मर्यादाही ठरलेली आहे. या व्यवस्थेमुळे त्या मासेमारीला २०१४ मध्ये शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. तिथले महिने जसेच्या तसे बाणकोटच्या किंवा जयगडच्या खाडीला लागू पडतील असे मात्र समजू नये. आपल्या खाडीची पिल्ले कधी दिसतात ते आपल्याच वहीत पाहावे.

रोजच्या काढणीची नोंद याहून सोपी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. महिन्यातून ठरलेल्या चार दिवशी, काठावर परतणाऱ्या प्रत्येकीला दोनच गोष्टी विचाराव्यात: किती वेळ काढल्या आणि किती निघाल्या. पाटी किंवा डबा या मापाने उत्तर आले तरी चालते. गावातली पाटी एकदा तराजूवर भरून तिचे वजन लिहून ठेवले की पुरे. नंतर एकूण वजनाला एकूण तासांनी भागावे. समजा, गेल्या वर्षी दहा जणींनी प्रत्येकी तीन तासांत मिळून ६० किलो तिसऱ्या काढल्या, तर तासाला एकीमागे दोन किलो झाल्या. यंदा वीस जणी गेल्या आणि तितक्याच वेळात ९० किलो निघाल्या, तर तो आकडा दीड किलोवर आला. बाजारात माल जास्त दिसतो, गावाला बरे वाटते, आणि खाडी मात्र ओसरत असते. तासामागचा हा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात खाडीची अवस्था आणि काढणाऱ्या बाईचे कष्ट दोन्ही एकदम दिसतात.

नावांबाबत एक काळजी घ्यावी. तिसऱ्या, मुळे, शिवल्या, खुबे ही नावे गावोगाव बदलतात आणि काही ठिकाणी एकाच नावाखाली दोन जाती मोडतात. प्रत्येक प्रकारचा एक शिंपला स्वच्छ धुऊन, वाळवून, पुठ्ठ्यावर चिकटवावा आणि खाली आपल्या गावचे नाव लिहावे. हा पुठ्ठा वहीसोबत ठेवला की नोंद करणारी व्यक्ती बदलली तरी घोटाळा होत नाही.

सुरक्षेचे म्हणाल तर एकट्याने उतरू नये, पाणी वळायच्या आत परत फिरावे, आणि कालवांच्या खडकावर पायात काहीतरी घट्ट असावे. त्या कापल्या जखमा सहजी भरत नाहीत.

वही गावाला वाचून दाखवणे

नामिबियातल्या सामुदायिक संवर्धन क्षेत्रांत २००० पासून एक पद्धत चालते. काय मोजायचे हे तिथला समुदाय ठरवतो, रखवालदार आपल्या वहीत नोंदी करतात आणि महिन्याचे व वर्षाचे तक्तेही तिथल्या तिथे हाताने भरले जातात. मूळ वही गावातच राहते. बाहेर जाते ती नक्कल. आपल्याकडे उलटे घडते. बाहेरून आलेली मंडळी अर्ज भरून घेऊन जातात आणि त्यातून काय निघाले ते गावाला कधी कळत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी, मंदिराच्या सभामंडपात किंवा शाळेत, भिंतीवर एक मोठा कागद लावून आकडे रंगीत खडूने उभ्या पट्ट्यांच्या रूपात काढावेत, म्हणजे अक्षर न वाचता येणाऱ्या आजीलाही चढउतार दिसतो. १ मे आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभा पावसाच्या अलीकडे-पलीकडे येतात, त्या वार्षिक वाचनाला योग्य आहेत.

मोजणी सुरू होऊन वर्ष झाले की एक मर्यादा ठरवून ती ठरावात लिहावी. उदाहरणार्थ, तासामागचा आकडा सलग तीन महिने दीड किलोच्या खाली राहिला तर दक्षिणेकडचा पट्टा बंद ठेवायचा. आकडा पडल्यानंतर चर्चेला बसले की ज्याचे नुकसान होणार तो वाद घालतो, आणि ते स्वाभाविक आहे. आधी ठरलेली मर्यादा असेल तर वाद माणसांवर येत नाही. पट्टा बंद ठेवायचा झाल्यास सगळी खाडी एकदम बंद करू नये. एखादा तुकडाच घ्यावा आणि काढणीवर पोट असलेल्या घरांना बाकीचा पट्टा मोकळा ठेवावा. मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आंदावादुआका या गावाने २००४ मध्ये ऑक्टोपस पकडण्याच्या जागेचा काही भाग काही महिने बंद ठेवला. तो पुन्हा उघडल्यावर काय मिळाले हे आजूबाजूच्या गावांनी स्वतः पाहिले आणि मग त्यांनीही तसेच केले. उघडण्याच्या दिवशी वजन करणे विसरू नये, कारण त्या एका दिवसाच्या आकड्यावर गावाचा पुढचा विश्वास अवलंबून असतो.

इतर ठिकाणी हीच रीत

कांदळवनासाठी मोजणीपेक्षा छायाचित्रे अधिक कामाची ठरतात. चार-पाच ठिकाणे निवडून, तिथे उभे राहायची जागा आणि दिशा लिहून, दरवर्षी त्याच महिन्यात त्याच जागेवरून छायाचित्र घ्यावे. तिवर, कांदळ आणि चिपी यांची नवी रोपे कुठे येत आहेत, खारबंदिस्तीची (खारे पाणी अडवणाऱ्या बांधाची) उघाडी म्हणजे पाण्याचे दार बंद पडल्याने कुठे पाणी तुंबून झाडे वाळत आहेत, कुठे भराव पडला आहे, हे त्यात दिसते. पांढऱ्या चिपीला २०२० मध्ये राज्याच्या कांदळवृक्षाचा मान मिळाला आहे, आणि राज्यात २०१२ पासून वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. तोड किंवा भराव दिसल्यास स्वतः अडवायला जाऊ नये. तारखेचे छायाचित्र घेऊन लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.

विहिरींसाठी गाठी मारलेली दोरी आणि टोकाला वजन एवढे पुरते. सकाळी उपसा सुरू होण्यापूर्वी कठड्यापासून पाण्यापर्यंतची खोली मोजावी, आणि दरवेळी कठड्याच्या त्याच खुणेपासून मोजावी. कोकणात सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही जांभ्याच्या सड्याखालच्या (कातळ-पठाराखालच्या) वाड्यांना एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. पऱ्यावर (लहान ओढ्यावर) वनराई बंधारा, म्हणजे मातीच्या पोत्यांचा तात्पुरता बांध, ऑक्टोबरात घालायचा की नोव्हेंबरात, आणि पाणी उपसणाऱ्या मोटारी कधी थांबवायच्या, हे या दोरीवरून ठरवता येते.

समुद्री कासवांचे काम वेगळ्या स्वरूपाचे आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळास इथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांसोबत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी शोधून सांभाळायला सुरुवात केली आणि पुढे ते काम किनाऱ्यावरच्या इतर गावांत पसरले. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात पहाटे किनाऱ्यावर चालून माग शोधणे, तारीख आणि जागा लिहिणे एवढे कोणालाही करता येते. अंड्यांना हात लावणे मात्र वनविभागाच्या देखरेखीशिवाय करता येत नाही, कारण ही कासवे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

वही कोणाच्या हाती

गावाने जमवलेली माहिती सगळ्यांसाठी खुली असावी, असे सांगणारे सुशिक्षित लोक पुष्कळ भेटतात. मला यात सावधगिरी आवश्यक वाटते. तिसऱ्यांचा दाट पट्टा नेमका कुठे आहे हे भ्रमणध्वनीवरच्या नकाशासह बाहेर गेले, तर दुसऱ्या महिन्यात तिथे परकी होडी दिसू शकते. म्हणून आकडे द्यावेत, पण नेमकी जागा देऊ नये, आणि कोणी अभ्यासक नक्कल मागत असेल तर काय छापणार आहे व गावाला काय परत देणार आहे हे त्याच्याकडून आधी लिहून घ्यावे. तासामागच्या काढणीच्या नोंदीत बायकांची नावे न लिहिता खुणेचे क्रमांक लिहावेत. कोणाची किती कमाई होते ही गावकीत चर्चेची गोष्ट होऊ नये.

मूळ वही पाण्यापासून सुरक्षित अशा पेटीत, मोजणाऱ्या गटातल्या एकीच्या घरी ठेवावी. दर तीन महिन्यांनी, वाचनाच्याच दिवशी, तिच्या पानांची छायाचित्रे काढून एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत द्यावी. वही भरली की नवी वही जुनीच्याच रकान्यांनी आखावी. रकाना वाढवायचा असेल तर शेवटी वाढवावा, मधला बदलू नये, आणि बदल कधी व का केला ते पहिल्या पानावर तारखेसह लिहावे.